सहा चुली, एक खोली

चार वर्षांपूर्वी अम्मीला घेऊन छातीच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. दोन मजले चढले की तिला धाप लागायची आणि हिवाळ्यात पहाटेचा खोकला काही केल्या थांबत नव्हता. डॉक्टरांनी तिला नळीत जोरात फुंकायला लावलं, मशीनमधून आलेला कागद पाहिला आणि विचारलं, "आजी, विडी, तंबाखू, मिश्री काही?"

"तौबा!" अम्मी म्हणाली. "पानसुद्धा खाल्लं नाही कधी."

मग ते माझ्याकडे वळले. घरात सिगारेट कोण ओढतं? कुणीच नाही. अब्बासुद्धा ओढत नव्हते. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "स्वयंपाक कशावर करायच्या तुम्ही?"

अम्मीने हिशेब आपल्या पद्धतीने सांगितला. लग्न होऊन आली तेव्हा कोळशाची शेगडी होती. आपा झाली तेव्हाही शेगडीच. माझ्या वेळेपर्यंत घासलेटचा स्टोव्ह आला होता. गॅस आला तेव्हा मी दहावीला होतो. लग्न १९७१ सालचं, माझी दहावी १९९६ची, म्हणजे पंचवीस वर्षं. डॉक्टरांनी कागदावर सीओपीडी लिहिलं आणि समजावलं की श्वासनलिका अरुंद झाल्या आहेत, झालेलं नुकसान भरून येणार नाही, पण पंपाने आराम पडेल.

मी उर्दू आणि मराठी शिकवतो, इतिहास हा काही माझा विषय नाही. पण त्या दिवसापासून एक प्रश्न डोक्यात बसला. मुंबईच्या धुराबद्दल इतकं लिहिलं गेलंय, गिरण्यांच्या चिमण्या तर आपल्या साहित्यात जागोजागी आहेत. मग अम्मीच्या छातीत गेलेला धूर कुणी, कधी मोजला होता का? सवड मिळेल तसं वाचत गेलो. जे हाती लागलं ते इथे मांडतोय.

आधी आमची खोली सांगतो, नाहीतर पुढचं नीट कळणार नाही. मदनपुरा ही उत्तरेतून आलेल्या मोमीन विणकरांची जुनी वस्ती. आमची खोली पहिल्या मजल्यावर, दहा बाय बारा. कोपऱ्यात मोरी, मोरीला लागून ओटा, वर पोटमाळा. दार गॅलरीत उघडायचं आणि मागच्या भिंतीला एकच खिडकी. खाली पावाची बेकरी होती. भट्टी आमच्या जमिनीच्या बरोबर खाली, त्यामुळे थंडीत फरशी कोमट असायची आणि आम्ही भावंडं तिच्यावर पोट टेकून झोपायचो. मे महिन्यात त्याच फरशीवर पाय ठेववत नसे.

बेकरीची चिमणी मागच्या खिडकीपासून चार हातांवरून वर जायची. भट्टी मध्यरात्रीनंतर पेटायची, दुपारी पुन्हा एकदा. अम्मीला भट्टीच्या वेळा पाठ होत्या. त्या वेळी ती खिडकी बंद करायची. आता खिडकी बंद म्हणजे स्टोव्हचा धूर आत. खिडकी उघडी म्हणजे बेकरीचा धूर आत. घरातलं प्रदूषण आणि बाहेरचं प्रदूषण असे दोन वेगळे धडे पुस्तकात असतात. आमच्या खोलीत ते एकाच खिडकीच्या दोन बाजू होते, आणि कोणता धूर परवडेल हे अम्मी दिवसातून चार वेळा ठरवत होती.

मी मात्र गॅलरीत बसून अभ्यास करायचो. मुलगा होतो, बाहेर बसू शकत होतो. आपा आत असायची. स्टोव्हला पिन मारणं, पंप करणं, भडकला की वाऱ्याने विझू नये म्हणून दार लोटून घेणं ही तिची कामं. आज आपालाही पंप लागतो. मला नाही लागत.

वाचायला लागलो तेव्हा पहिलं आश्चर्य आपल्याच घरात मिळालं. घरात म्हणजे फिक्हच्या जुन्या ग्रंथांत. शेजाऱ्याला इजा होऊ नये हे तत्त्व आपण वाजमध्ये ऐकतो, पण ते धुराला कसं लावायचं यावर आपल्या फकिहांनी बारकाईने डोकं चालवलं आहे. बाराव्या शतकातला शामचा अल्-शैजरी याने मुहतसिबसाठी, म्हणजे बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्यासाठी, एक मार्गदर्शक ग्रंथ लिहिला. त्यात नानवाईंच्या दुकानांबद्दल हुकूम आहे की छत उंच असावं आणि धूर निघून जायला छताला रुंद वाटा असाव्यात, लोकांना त्रास होता कामा नये. आठशे वर्षांपूर्वीचा हा नियम मदनपुऱ्यातल्या आमच्या बेकरीला लावला असता तर ती एका दिवसात बंद पडली असती.

त्यानंतरचा इब्न अल्-रामी मला जास्त आवडला. हा चौदाव्या शतकातला ट्युनिसचा गवंडी. शेजाऱ्यांची भांडणं काजीपुढे गेली की काजी याला जागेवर पाठवायचा. भिंत कुणाची, पाण्याची वाट कुठली, खिडकीतून कुणाचं अंगण दिसतं, हे तो बघून यायचा. त्या अनुभवातून त्याने बांधकामाच्या नियमांवर अख्खं पुस्तक लिहिलं. त्यात धुराचं प्रकरण आहे. हमामखान्याचा आणि भट्ट्यांचा धूर शेजाऱ्याला त्रास देत असेल तर तो थांबवता येतो. पण घरच्या तंदूरचा, स्वयंपाकघराचा धूर थांबवता येत नाही, कारण त्याशिवाय माणूस जगणार कसा? पुढे उस्मानी सल्तनतीने एकोणिसाव्या शतकात मजल्ला नावाची दिवाणी संहिता तयार केली. घराशेजारच्या भट्टीच्या धुराने किंवा तेलघाण्याच्या वासाने राहणं अशक्य झालं तर ती इजा दूर केलीच पाहिजे, हे तिच्यात उदाहरणासकट आलं.

मला या फकिहांचा अभिमान वाटतो, हे लपवत नाही. पण त्या एका सवलतीपाशी अडकलो. घरच्या चुलीचा धूर माफ. शेजाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर ही सवलत बरोबरच आहे, कुणाची चूल बंद पाडायची नाही. मात्र हे सगळे नियम एका घरातून दुसऱ्या घरात जाणाऱ्या धुराचे आहेत. चुलीपुढे बसलेली बाई ना वादी, ना प्रतिवादी. ती काजीकडे जाणार तरी कुणाविरुद्ध?

आता मुंबईत येतो, कारण मुंबईतही नेमकं हेच झालं.

१८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवला मुंबईची पहिली कापड गिरणी उभारायला घेतली. पुढच्या पन्नास वर्षांत ताडदेव, भायखळा, परळ, लालबाग हा पट्टा चिमण्यांनी भरून गेला. गिरण्या चालायच्या वाफेवर, वाफ व्हायची कोळशावर आणि कोळसा यायचा लांबून. धूर गिरणगावापुरता राहिला नाही. वारा फिरला की तो मलबार हिलवरच्या बंगल्यांतही जायचा आणि मग वर्तमानपत्रांत पत्रं यायची. कलकत्त्यात हीच रड होती. तिथे १९०३च्या सुमारास इंग्लंडहून फ्रेडरिक ग्रोव्हर नावाचा धुराचा जाणकार आणला गेला आणि १९०५ साली बंगालचा धूर उपद्रव कायदा झाला. मुंबईने त्याच धर्तीवर १९१२ साली स्वतःचा कायदा केला. एक आयोग नेमायचा, निरीक्षक नेमायचे, भट्टीतून ठरल्यापेक्षा काळा धूर ठरल्यापेक्षा जास्त वेळ निघाला की मालकाला दंड.

धूर मोजायचा कसा? त्या काळी जगभर रिंगेलमन या फ्रेंच प्राध्यापकाचा तक्ता चालायचा. कागदावर फिक्यापासून गडद होत जाणाऱ्या करड्या जाळ्या छापलेल्या. निरीक्षकाने तक्ता समोर धरायचा, दूरवरच्या चिमणीकडे बघायचं आणि धुराचा रंग कोणत्या चौकटीशी जुळतो ते लिहायचं. म्हणजे मोजण्यासाठी धूर आभाळात, उजेडात आणि दुरून दिसायला हवा. अंधाऱ्या खोलीतला धूर या तक्त्यावर येऊच शकत नव्हता.

आणि तो यावा अशी अपेक्षाही नव्हती. भट्टी म्हणजे काय याची व्याख्या करताना कायद्याने दोन आगी बाहेर ठेवल्या. एक, प्रेत जाळण्याची. दुसरी, खासगी घरातली घरगुती वापराची. हे वाचलं तेव्हा मी उठून पाणी पिऊन आलो. ट्युनिसच्या गवंड्याने चौदाव्या शतकात जी सवलत नोंदवली, तीच गोऱ्या साहेबाच्या कायद्यात. दोघांची कारणं निराळी असतील. एकाला शेजारधर्म सांभाळायचा होता, दुसऱ्याला लोकांच्या घरात आणि धर्मात हात घालून नसतं दुखणं ओढवून घ्यायचं नव्हतं. चूल मात्र दोन्हीकडे सुटली.

खासगी घर हा शब्द त्या काळच्या मुंबईत कुणाला लागू पडत होता तेही पाहू. १८९६ साली मांडवीत प्लेग आला. घाणेरड्या, कोंदट वस्त्या पाडून हवेशीर घरं बांधायची म्हणून १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. त्याने पाडलं भराभर, बांधलं सावकाश. १९११च्या खानेसुमारीत मुंबईच्या दहा माणसांतली जवळजवळ सात माणसं एका खोलीच्या बिऱ्हाडात राहत होती. बंगल्यात स्वयंपाकघर मागे असतं आणि तिथे राबणारा खानसामा निराळा असतो. खोलीत स्वयंपाकघर, झोपायची जागा, आजाऱ्याची खाट आणि पाळणा सगळं एका चुलीच्या हातभर अंतरात. बंगल्यासाठी खासगी घर वगळणं ही सभ्यता होती. खोलीत राहणाऱ्यांच्या वाट्याला त्याच शब्दांतून वेगळंच काही आलं.

गिरण्यांचा धूर हळूहळू कमी होण्याची तजवीज मात्र झाली. जमशेदजी टाटांनी सह्याद्रीच्या पाण्यावर वीज करण्याचं स्वप्न पाहिलं होतं. त्यांच्या पश्चात १९१५ साली खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. लोणावळ्याच्या तलावांचं पाणी घाटाखाली सोडून मुंबईतला कोळसा वाचवायचा, केवढी मोठी योजना! त्या विजेने गिरणीचे माग फिरले. गिरणीत दिवसभर काम करून खोलीवर येणारी बाई गोवऱ्या, लाकूडफाटा नाहीतर कोळसा पेटवत राहिली.

या सगळ्या कागदपत्रांत मला एकच व्यक्ती सापडली जिने त्या खोलीतला धूर पाहिला आणि लिहून ठेवला. १९२१-२२ च्या सुमारास मुंबई सरकारने डॉ. बार्न्स या बाईंना गिरणीत काम करणाऱ्या स्त्रियांच्या बाळंतपणाची परिस्थिती पाहायला नेमलं. त्या चाळींमधून फिरल्या. एका चाळीच्या दुसऱ्या मजल्यावरच्या, पंधरा फूट बाय बारा फुटांच्या खोलीत त्यांना सहा कुटुंबं राहताना आढळली. लहानथोर मिळून तीस माणसं. सहा कुटुंबं कशावरून? तर जमिनीवर सहा वेगवेगळ्या चुली होत्या. त्या सहा घरच्या बायकांपैकी तिघी गरोदर होत्या. बाळंतपण कुठे करणार, असं त्यांनी सोबतच्या नर्सला विचारलं, तेव्हा तिने पडदा लावून आडोसा करायची तीन बाय चार फुटांची जागा दाखवली. रात्री सहा चुलींचा धूर कोंडलेल्या त्या हवेत आई आणि बाळ दोघांनाही अपाय होणार, असं डॉक्टरबाईंनी अहवालात नोंदवलं.

या कामातून काही निष्पन्न झालं नाही असं नाही. गिरणीकामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या भत्त्याचा प्रश्न मुंबईत लावून धरला गेला, १९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विधिमंडळात त्याची बाजू मांडली आणि १९२९ साली मुंबईचा मातृत्व लाभ कायदा झाला. तीन बाय चारच्या जागेत बाळंत होणाऱ्या बाईला पगाराची थोडीफार हमी मिळाली. सहा चुलींचा धूर मात्र त्या अहवालातच राहिला. त्यावर ना कायदा झाला, ना दंड, ना निरीक्षक आला.

मधली वर्षं मी भराभर सांगतो, कारण तिथे धोरण कमी आणि बाजार जास्त आहे. घासलेटचा स्टोव्ह मुंबईच्या चाळींत आला आणि चूल-शेगडीपेक्षा धूर कमी म्हणून बायकांनी त्याचं स्वागत केलं. दिसणारा धूर खरंच कमी झाला. डोळ्यांची आग, वास, काजळी आणि भडक्यात पेटलेल्या पदरांच्या बातम्या राहिल्या. १९५०च्या दशकाच्या मध्यात बर्मा शेलने मुंबईत सिलिंडरमधला गॅस आणला, पण तो बंगल्या-फ्लॅटांपुरताच. आमच्या चाळीत नंबर लावून वर्षानुवर्षं थांबल्यावर एकेक सिलिंडर वर चढायला लागला. ज्या घरी गॅस यायचा तिथे बायका बघायला जायच्या. अम्मीने आमच्या गॅसच्या पहिल्या दिवशी खीर केली होती, हे मला आठवतं. घासलेटचा वास न येणारी ती आमच्या घरातली पहिली खीर असावी.

याच काळात डॉक्टर मंडळी कामाला लागली. परळच्या केईएम रुग्णालयातले डॉ. एस. आर. कामत यांनी १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या कमी-अधिक प्रदूषित वस्त्या आणि तुलनेसाठी एक ग्रामीण भाग निवडून चार हजारांवर माणसांची तपासणी केली. प्रदूषित वस्त्यांत खोकला, धाप यांचं प्रमाण जास्त निघालं. आपल्या शहराच्या हवेचा माणसाच्या छातीशी असलेला संबंध इतक्या पद्धतशीरपणे आधी कुणी तपासला नसावा. तोवर माहुलला दोन तेलशुद्धीकरण कारखाने, तुर्भ्याला वीजकेंद्र आणि खतांचा कारखाना उभे होते आणि चेंबूरला लोक सर्रास गॅस चेंबर म्हणत.

घरातल्या धुराला यंत्र लागलं ते मात्र शहरात नाही, गुजरातच्या खेड्यांत. १९८१ साली कर्क स्मिथ हे अमेरिकन संशोधक आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर हवा ओढणारे छोटे पंप बसवले. चुलीपुढे बसलेल्या बाईच्या श्वासात एक घनमीटर हवेमागे सरासरी सात हजार मायक्रोग्रॅमच्या आसपास धूलिकण जात होते. आकड्याचा अंदाज यावा म्हणून सांगतो. आज बाहेरच्या हवेत अतिसूक्ष्म कणांची चोवीस तासांची भारतीय मर्यादा साठ मायक्रोग्रॅम आहे. दोन मापं तंतोतंत एक नाहीत, स्मिथ यांनी सगळेच कण मोजले होते आणि तेही फक्त स्वयंपाकाच्या वेळेत. तरी अंतर केवढं ते कळतं. त्याच साली, १९८१ला, देशाचा वायुप्रदूषण कायदा झाला, पण हवा मोजायची यंत्रं लागली ती चौकांत आणि इमारतींच्या गच्च्यांवर.

पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीबद्दल लिहिलं. हा आजार म्हणजे सिगारेटचा आजार, असं जग धरून चाललं होतं. घरातल्या इंधनाचा धूर हे त्याचं फार मोठं कारण आहे, हे त्यांनी पुराव्यांसह मांडलं. अम्मीच्या डॉक्टरांनी विडीनंतर चुलीबद्दल विचारलं त्यामागे हे सगळं काम होतं. ते वीस वर्षं आधी झालं असतं तर तिच्या खोकल्यावर नुसत्या कफ सिरपच्या बाटल्या रित्या झाल्या नसत्या.

आता तर गॅस आलाय, मग हा जुना हिशेब कशाला, असं कुणी म्हणेल. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करणारी देशातली कुटुंबं ५८.६ टक्के निघाली. शहरांत प्रमाण बरंच जास्त आहे. शहरातली चूल विझत आली, हे खरं आणि आनंदाचं. पण खिडकी तिथेच आहे.

माझे बरेच विद्यार्थी गोवंडीच्या बाजूचे. देवनारचं डम्पिंग १९२७पासूनचं, आणि त्याच्या कडेला ज्या वस्त्या वसल्या त्यांत आपल्या लोकांचा भरणा मोठा. जानेवारी २०१६च्या शेवटी तिथला कचरा असा पेटला की धुराचा पट्टा नासाच्या उपग्रहचित्रात दिसला आणि आसपासच्या महापालिका शाळा बंद ठेवाव्या लागल्या. उपग्रहाला दिसला म्हणून तो धूर बातमी झाला. एरवी कचरा धुमसत असतो तेव्हा बातमी नसते. वर्गात निबंधाला 'माझे घर' विषय दिला होता, तेव्हा एका मुलीने लिहिलं होतं की तिच्या घराची खिडकी फक्त पाऊस पडताना उघडतात. मी त्यावर काय शेरा मारायचा ते कळेना. शुद्धलेखन तपासलं आणि वही परत दिली.

त्याच भागात प्रकल्पग्रस्तांसाठी टोलेजंग पुनर्वसन इमारती उभ्या राहिल्या आहेत. लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड. दोन इमारतींत अंतर इतकं थोडं की खालच्या मजल्यांना ऊन नाही, वारा नाही. 'डॉक्टर्स फॉर यू' आणि आयआयटी मुंबईच्या अभ्यासकांनी २०१८च्या सुमारास दाखवलं की या खेळत्या हवेच्या अभावाचा आणि तिथल्या क्षयरोगाचा संबंध आहे. इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट ज्या कोंदट वस्त्या पाडायला निघाला होता, त्याच आपण शंभर वर्षांनी लिफ्ट लावून बांधल्या. फोडणीचा धूर तिथल्या खोलीत किती वेळ रेंगाळतो ते तिथल्या एखाद्या घरी जेवायला जाऊन बघावं.

शिवाय आपण स्वतः घरात काय जाळतो? मच्छर अगरबत्ती. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघालेले अतिसूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींएवढे भरले होते. पुण्याच्या संशोधकांनाही शंभराच्या आसपासचा आकडा मिळाला. ज्या घरात सिगारेटला हराम म्हणतात तिथे पाळण्याखाली रात्रभर कॉइल जळत असते. आमच्याकडेही जळायची. आणि लोबान. जुमेरातला मगरिबनंतर निखाऱ्यावर लोबान टाकून घरभर फिरवायचा, हा आपल्या घरांचा वास आहे. मला तो आजही मशिदीच्या हौदाइतकाच जवळचा वाटतो. खुशबू ही सुन्नत आहे, पण दारं-खिडक्या लावून धूर कोंडणं कुठल्या सुन्नतीत बसतं हे मला कुणी दाखवलेलं नाही.

जाता जाता बेकऱ्यांविषयी, कारण यावर गेल्या वर्षभरात आपल्या मोहल्ल्यांत बरीच गरमागरमी झाली. ९ जानेवारी २०२५ला मुंबई उच्च न्यायालयाने शहरातल्या लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्या आणि तंदूर सहा महिन्यांत गॅस किंवा अन्य स्वच्छ इंधनावर न्यायला सांगितलं. मुंबईचा पाव इराण्यांनी, गोवेकरांनी आणि नंतर मोठ्या प्रमाणावर उत्तरेकडून आलेल्या मुसलमान कारागिरांनी भाजला. त्यामुळे पहिली प्रतिक्रिया हीच, की बघा, गाड्या आणि बिल्डर सोडून आमच्याच पोटावर पाय. राग खोटा नाही. छोट्या बेकरीवाल्याकडे भट्टी बदलायला पैसा नसतो, जागा भाड्याची असते, आणि बांधकामाची धूळ उडवणारे मोकळे फिरतात हे सगळ्यांना दिसतं. त्याला कर्ज मिळालं पाहिजे, मुदत मिळाली पाहिजे, आणि हे मागायला आपण एकत्र उभं राहिलं पाहिजे.

पण लाकूड जाळण्याचा हक्क मागायला मी येणार नाही. त्या भट्टीत जळतं ते बाभळीचं लाकूड नसतं. पाडलेल्या इमारतींच्या रंगवलेल्या चौकटी, जुनं फर्निचर, प्लायवूड, हेच स्वस्त पडतं म्हणून तेच जळतं. आमच्या खालच्या बेकरीतली पोरं भट्टीच्या वरच्या माळ्यावरच झोपायची. सतरा-अठरा वर्षांची, गावाहून आलेली. सकाळी नळावर खाकरायची तेव्हा काळं पडायचं. मालेगाव-भिवंडीच्या सायझिंगमध्ये प्लास्टिकचा कचरा जाळून बॉयलर चालवल्याच्या तक्रारी येतात, तिथेही आधी धूर खाणारा आपलाच मजूर असतो आणि मग आपलीच शेजारीण. शैजरी आणि इब्न अल्-रामी यांच्यासमोर हा खटला गेला असता तर निकाल काय लागला असता, हे आपल्यापैकी मदरशात दोन वर्षं काढलेला कुणीही सांगेल.

आमच्या त्या जुन्या बेकरीने गेल्या वर्षी गॅसची भट्टी घेतली. अम्मी आता माझ्याकडे उपनगरात असते, पण महिन्यातून एकदा तिला मदनपुऱ्यात खालाकडे जायचं असतं. मागच्या वेळी तिने पाव घेतला, तोडला, चहात बुडवला आणि म्हणाली की आता याला पहिली चव राहिली नाही. मग खालाच्या खोलीतली मागची खिडकी उघडून तिथेच स्टूल घेऊन बसली. दुपारची वेळ होती, भट्टी चालू होती. जुमेरात होती, म्हणून खालाने लोबानदाणी काढली, तेव्हा अम्मीने ती हातात घेऊन खिडकीच्या बाहेरच्या कठड्यावर ठेवली आणि खालाला म्हणाली, "इथूनच येऊ दे आत, जेवढा यायचा तेवढा."